ध्येयनिश्चिती आणि शिक्षकांचं एकत्र बसणं (हायस्कूल, मराठवाडा)

ध्येयनिश्चिती आणि शिक्षक सहकार्य ही हायस्कूलच्या लेकरांचं शिकणं सुधारायची एक पद्धत आहे, आणि तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे शाळेनं, विषयाच्या सरांनी-मॅडमनी आणि खुद्द लेकरानं ठराविक मुदतीत काय जमवायचंय ते नेमकं, मोजता येईल असं ठरवायचं. दुसरा भाग म्हणजे ते जमतंय का हे बघायला शिक्षकांनी दर आठ-पंधरा दिवसांनी उत्तरपत्रिका समोर घेऊन बसायचं आणि पुढच्या तासाला काय वेगळं करायचं ते ठरवूनच उठायचं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत पहिला भाग कुठंही सापडतो, स्टाफरूमच्या फळ्यावर जूनमध्येच खडूनं लिहिलेलं असतं की यंदा दहावीचा निकाल 100 टक्के. दुसरा भाग मात्र शोधावा लागतो, आणि खरं सांगायचं तर तो नसेल तर पहिल्याला नुसत्या पाटीपेक्षा जास्त किंमत नाही.

ही कल्पना आली कुठून

ध्येयाचा अभ्यास शाळेत नाही तर कामगारांवर सुरू झाला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी 1968 मध्ये मांडलं की "जमेल तेवढं कर" असं सांगितलेल्या माणसापेक्षा नेमकं आणि जरा अवघड ध्येय दिलेला माणूस जास्त काम करतो. गॅरी लेथम यांनी लाकूडतोडीच्या ट्रकांवर हेच तपासलं, तो प्रयोग आपल्याकडं कुणालाही लगेच कळेल, ऊस भरणाऱ्याला तर जास्तच. ड्रायव्हर लोक कायद्यानं जेवढं वजन चालतं त्याच्या साधारण 60 टक्केच माल भरायचे, त्यांना 94 टक्क्यांचं ध्येय दिलं, जास्तीचे पैसे नाहीत की काही नाही, तरी काही महिन्यांत भरती 90 च्या आसपास गेली. पुढं 1990 मध्ये दोघांनी मिळून हा सिद्धांत सविस्तर मांडला आणि त्यात अटीही घातल्या: माणसानं ध्येय मनापासून स्वीकारलेलं पाहिजे, आपण कुठवर आलोय हे त्याला कळत राहिलं पाहिजे, आणि मुळात ते काम त्याला येत असलं पाहिजे.

ही शेवटची अट शाळेत सगळ्यात जास्त विसरली जाते. ट्रक भरता येणाऱ्याला आकडा दिला तर तो भरतो, पण ज्या लेकराला अपूर्णांकांची बेरीजच येत नाही त्याला "बीजगणितात 40 पैकी 30 पाड" म्हणून काय उपयोग, ते नुसतं घाबरतं. लेथम यांच्याच नंतरच्या कामातून हे पुढं आलं की जिथं कौशल्यच नाही तिथं मार्कांचं ध्येय देण्यापेक्षा शिकण्याचं ध्येय द्यावं. म्हणजे "30 पाड" असं नाही, तर "या पंधरवड्यात वर्गसमीकरणाचे अवयव पाडायच्या दोन रीती शीक आणि कुठली कधी वापरायची ते सांगून दाखव".

शिक्षकांनी मिळून काम करायची गोष्ट वेगळ्या वाटेनं आली. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञानं 1975 मध्ये शाळेला अंड्याच्या ट्रेची उपमा दिली, प्रत्येक शिक्षक आपापल्या खळग्यात, शेजारी काय चाललंय त्याचा पत्ता नाही. जपानात याच्या उलट जुनी चाल आहे, जुग्यो केनक्यू म्हणजे पाठाचा अभ्यास: चार-पाच शिक्षक मिळून एकच पाठ तयार करतात, एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे मागं बसून शिक्षकाकडं नाही तर पोरांकडं बघतात, मग परत बसून तो पाठ दुरुस्त करतात. अमेरिकेत इलिनॉयमधल्या ॲडलाय स्टीव्हन्सन हायस्कूलचे प्रमुख रिचर्ड ड्यूफोर यांनी 1998 मध्ये रॉबर्ट ईकर यांच्यासोबत शिक्षकांच्या एकत्र बसण्याला व्यावसायिक अध्ययन गटाचं रूप दिलं. तिथं बैठकीत प्रश्न ठरलेले: लेकरांना नेमकं काय यायला पाहिजे, ते आलं हे कसं कळणार, नाही आलं तर काय करायचं, आणि ज्यांना आधीच येतं त्यांचं काय करायचं. आपल्या बैठकीत तिसऱ्या प्रश्नावर गाडी थांबते आणि चौथा कुणी विचारतच नाही.

आपल्याकडचं जुनं भांडवल

यातलं बरंचसं आपल्याकडं आधीपासून आहे, नावं फक्त वेगळी. बीएडला प्रत्येक मास्तर वार्षिक नियोजन, घटक नियोजन, पाठ टाचण, संविधान तक्ता (पेपरात कुठल्या घटकाला किती मार्क त्याचा आराखडा), नैदानिक चाचणी, उपचारात्मक अध्यापन हे सगळं शिकूनच आलेला असतो. नैदानिक चाचणी म्हणजे मार्क देण्यासाठी नाही तर लेकरू कुठं अडकलंय ते शोधण्यासाठी घेतलेली चाचणी, डॉक्टर नाडी बघतो तशी. पण नोकरीला लागलं की टाचण वही सही घेण्यापुरती उरते आणि उपचारात्मक अध्यापन हा रजिस्टरचा विषय होतो.

मराठवाड्यात याचं सगळ्यात गाजलेलं रूप म्हणजे लातूर पॅटर्न. राजर्षी शाहू, दयानंद या कॉलेजांनी बारावीसाठी जे केलं त्याचा गाभा काय होता तर अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग सराव पेपरांचा मारा, पेपर तपासून चुका दाखवून परत द्यायचा आणि हे सगळं वेळापत्रक प्रत्येक प्राध्यापकानं पाळायचं, कुणा एकट्याच्या मर्जीवर नाही. लोक पॅटर्न म्हणलं की पाठांतर आणि क्लासेस एवढंच बोलतात, टीका खोटी नाही, आणि तिथं दहावीला चांगले मार्क असलेली पोरं येतात हेही खरंय, त्यामुळं खेड्यातल्या हायस्कूलनं ते जसंच्या तसं उचलायला जाऊ नये. पण उचलण्यासारखं एक आहे, तपासलेला पेपर वेळेत परत देणं. ते मात्र कुणी उचलत नाही.

प्रत्यक्षात कसं चालतं

समजा दहावीचे दोन वर्ग मिळून 54 लेकरं आहेत आणि वर्गसमीकरणावर घटक चाचणी झाली. एकट्यानं पेपर तपासला तर सर म्हणतात, "अभ्यासच करत नाहीत हो, मोबाईल घेऊन बसायलेत." तेच नववीचे सर, दहावीचे सर आणि आठवीच्या मॅडम असे तिघं बसले, एकेक प्रश्न घेतला, तर दिसतं की 31 जणांनी समीकरण बरोबर मांडलंय आणि अवयव पाडताना वजाचं चिन्ह खाल्लंय, 9 जणांनी शाब्दिक उदाहरण हातच लावलेलं नाही. आता हा दहावीचा प्रश्न राहिलाच नाही. वजाचं चिन्ह सातवी-आठवीत सुटलंय आणि शाब्दिक उदाहरणाचं दुखणं मराठी वाचण्याचं आहे, गणिताचं नाही. मग ध्येय असं ठरतं की पुढच्या दोन आठवड्यांत त्या 31 पैकी निदान 25 जणांनी चिन्हांची दहा उदाहरणं बिनचूक सोडवावीत, आणि मराठीच्या मॅडमनी आठवड्यातून एक तास उताऱ्याऐवजी गणिताचं उदाहरण वाचून घ्यावं: काय दिलंय, काय विचारलंय, एवढंच. मराठीच्या तासाला गणित म्हणलं की आधी हसतात, पण गणिताच्या पुस्तकातलं एक वाक्य चार ओळींचं असतं आणि ते फोडून वाचणं हे भाषेचंच काम आहे.

लेकराचं स्वतःचं ध्येय वहीच्या मागच्या पानावर असावं, एका वेळी एकच, त्यानं स्वतः लिहिलेलं. सरांनी सांगितलेलं "90 टक्के पाडायचे" हे लेकराचं ध्येय नसतं, ते सरांचं असतं, नाहीतर बापाचं. वहीत "दर रविवारी भूमितीचं एक प्रमेय न बघता लिहून काढणार" असं असेल तर सोमवारी दोन मिनिटांत बघता येतं. बघितलं नाही तर तिसऱ्या आठवड्याला लेकरू लिहायचं सोडतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

एकच गणिताचा मास्तर असला तर

परदेशातल्या लिखाणात हा प्रश्न फारसा येत नाही कारण तिथं एका शाळेत गणिताचे आठ-दहा शिक्षक असू शकतात. आपल्याकडं तालुक्याच्या ठिकाणाबाहेर गेलं की पाचवी ते दहावीच्या शाळेत गणिताला एक, इंग्रजीला एक, कधी विज्ञान आणि गणित मिळून एकच. तो कुणासोबत बसणार? यावर उत्तरं दोनच दिसतात. एक म्हणजे वर सांगितलं तसं वेगवेगळ्या इयत्तांच्या आणि विषयांच्या शिक्षकांनी एकाच लेकरांच्या पेपरांवर बसणं. दुसरं म्हणजे आसपासच्या चार-पाच शाळांतल्या एकाच विषयाच्या लोकांनी महिन्यातून एकदा भेटणं, एकच चाचणी सगळीकडं घेणं आणि पेपर अदलाबदल करून तपासणं. झेडपीच्या प्राथमिक शाळांना केंद्रप्रमुखांकडं शिक्षण परिषद असते, तिथं निदान भेट तरी होते, हायस्कूलच्या विषय शिक्षकाला असं हक्काचं ठिकाण नाही. शाळा संकुलाची, म्हणजे आसपासच्या शाळा एकत्र जोडायची, कल्पना तशी कोठारी आयोगानं 1964-66 मध्येच मांडली होती आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती परत आलीय, मधली पन्नास वर्षं ती बहुतेक कागदावर गेली.

अडतं कुठं

सगळ्यात आधी वेळापत्रकात. दोघांचा ऑफ तास एकाच वेळी नसतो, कारण एक वर्गावर असला की दुसरा बदली तासावर. त्यात निवडणूक, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, सर्व्हे, ऑनलाईन माहिती, "अर्जंट, आज चारपर्यंत भरून पाठवा" असले मेसेज. आणि अप-डाऊन, ज्याच्यावर कुणी लिहीत नाही: अर्धा स्टाफ लातूर, नांदेड, संभाजीनगर, बीड असा शहरात राहतो आणि शाळा सुटली की पाचची गाडी धरतो, शाळेनंतर थांबून बैठक घ्या म्हणणाऱ्यानं एकदा त्या गाडीतून येऊन बघावं. मी ज्या शाळेत काही वर्षं शिकवलं तिथं शनिवारी सकाळच्या शाळेनंतर बैठक ठेवली होती, दोन शनिवार झाल्या, तिसऱ्याला तिघंच उरलो, चौथ्याला मीच गेलो नाही.

दुसरी गोष्ट भीतीची. विनाअनुदानित शाळेतला तुटपुंज्या पगारावरचा मास्तर आपल्या वर्गाचे पेपर सगळ्यांसमोर कामून उघडेल, उद्या तेच संस्थाचालकाच्या टेबलावर गेले तर? म्हणून जिथं हे चाललं तिथं एक नियम दिसतो की बैठकीतले आकडे बैठकीतच राहतात आणि पहिला पेपर सगळ्यात सिनियर माणूस स्वतःच्या वर्गाचा काढतो.

तिसरं, स्थलांतर. दसरा-दिवाळी झाली की बीड, धाराशिव, जालना भागातली कोयत्याची माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलला परततात, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. हंगामी वसतिगृहं, आजीकडं ठेवणं हे सगळं असलं तरी आठवी-नववीची लेकरं मध्येच गायब होतातच, आणि पोरगी असली तर धाकट्या भावंडाला सांभाळायला जाते. अशा शाळेत वर्षाचं ध्येय जूनला ठरवून चालत नाही. जून ते दिवाळी हे एक आणि दिवाळीनंतर दुसरं, परत आलेल्यांसाठी तिसरं, असं तुकड्यातुकड्यानं ठरवावं लागतं, आणि अवघड घटक दिवाळीच्या आत घ्यायचे हे सगळ्या विषयांनी मिळून ठरवलं तरच जमतं.

100 टक्क्यांचं काय होतं

डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन अभ्यासकानं 1970 च्या दशकात सांगून ठेवलंय की एखाद्या आकड्यावरच सगळे निर्णय व्हायला लागले की तो आकडाच बिघडतो. निकालाचं तसंच झालंय. 100 टक्के हवेत म्हणल्यावर शाळेला सोपे रस्ते दिसतात: कच्च्या लेकराच्या बापाला बोलावून "याला सतरा नंबरचा फॉर्म भरा" सांगायचं म्हणजे ते बाहेरून बसलं, शाळेच्या निकालात आलं नाही, नाहीतर परीक्षेच्या दिवशी खिडक्यांकडं कुणी बघायचं नाही. नांदेडला 2010 च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्त अभियान कडक राबवलं तेव्हा निकाल धाडकन खाली आला, लोकांनी त्यांना नावं ठेवली, पण लेकरांना खरंच काय येतं ते पहिल्यांदा कागदावर दिसलं. सहकार्याच्या बैठकीला असलाच कागद लागतो. पायाभूत चाचणीतसुद्धा फळ्यावर उत्तरं लिहून देणारे आहेत, मग त्या पेपरांवर तिघं बसले काय आणि तीस बसले काय, बोलायला काही उरत नाही.

म्हणून काही मुख्याध्यापक आता निकालाची टक्केवारी फळ्यावर लिहीतच नाहीत. त्याऐवजी तीन आकडे ठेवतात: किती लेकरांना न अडखळता एक पान वाचता येतं, कितींना भागाकार येतो, आणि मागच्या चाचणीत कोरा सोडलेला प्रश्न या वेळी कितींनी निदान हाताळला. यातला तिसरा आकडा सगळ्यात आधी हलतो, बऱ्याचदा सहामाहीच्या आतच, आणि तो हलला की शनिवारच्या बैठकीला न बोलावता चौथा माणूस यायला लागतो.