एकक, दशक, शतक : आमचा ठोकळ्यांचा संच घरी कसा वापरावा
पालकांसाठी माहितीपत्रक (लष्कर, ग्वाल्हेर)

आदरणीय पालकहो,

आपण घेतलेला हा लाकडी संच पहिली ते चौथीच्या मुलांना संख्येतील अंकांची स्थानिक किंमत समजावी यासाठी आम्ही बनवला आहे. पेटीत १०० सुटे ठोकळे, दशकाचे २० दांडे, शतकाचे १० पाट, हजाराचा एक मोठा घन, एकक-दशक-शतकाच्या खणांचा फलक आणि अंकपत्ते (३००, ५ अशा संख्यांचे लहान-लांब पत्ते) आहेत. सुट्या ठोकळ्याची प्रत्येक बाजू १ सेंटिमीटर आहे. म्हणून दहा ठोकळे ओळीने लावले की ते दांड्याइतके भरतात, दहा दांडे शेजारी-शेजारी ठेवले की पाट होतो आणि दहा पाट एकावर एक रचले की घन उभा राहतो. सर्व ठोकळ्यांचा रंग एकच ठेवला आहे आणि तो मुद्दाम ठेवला आहे. बाजारात मिळणाऱ्या काही संचांत एकक, दशक आणि शतक यांना वेगवेगळे रंग असतात. तसा संच दिसायला आकर्षक असला, तरी मूल रंग लक्षात ठेवते आणि दशक हा दहा एककांचाच झालेला असतो ही मुख्य गोष्ट निसटते.

पेटी उघडण्यापूर्वी एक छोटी तपासणी करावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. मुलाला सोळा चिंचोके मोजायला सांगा आणि कागदावर १६ लिहायला सांगा. मग ६ या अंकावर बोट ठेवून ‘हे किती चिंचोके?’ असे विचारा, आणि त्यानंतर १ या अंकावर बोट ठेवून तोच प्रश्न विचारा. पुष्कळ मुले सहा चिंचोके बरोबर दाखवतात, पण १ साठी एकच चिंचोका उचलतात आणि उरलेले नऊ कुठे गेले, हे त्यांना सांगता येत नाही. अशा मुलाला शंभरापर्यंतचे अंक तोंडपाठ असतील, वहीत ‘दशक १, एकक ६’ असेही ते लिहीत असेल; तरीही त्याच्या दृष्टीने १६ हे केवळ एक चिन्ह आहे. त्याला रागावू नये. दहा वस्तूंकडे एकाच वेळी ‘दहा’ म्हणून आणि ‘एक दशक’ म्हणून पाहणे ही लहान वयात खरोखरच अवघड गोष्ट आहे आणि ती सांगून नव्हे, तर हाताने करून कळते.

म्हणूनच सुरुवात तयार दांड्यांपासून करू नका. पहिले काही दिवस काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या मुलालाच रबराने बांधू द्या आणि सोडू द्या. जुडी त्याने स्वतः बांधलेली असली की तिच्यात दहा काड्या आहेत, हे त्याला पुन्हा मोजावे लागत नाही. त्यानंतर ठोकळे काढा आणि अदलाबदलीचा खेळ खेळा: फासा टाकायचा, पडेल तितके सुटे ठोकळे घ्यायचे आणि दहा जमताच ते देऊन एक दांडा घ्यायचा. नियम एकच आहे, की एककाच्या खणात दहा ठोकळे राहू द्यायचे नाहीत. पुढे बेरजेत ज्याला हातचा म्हणतात, तो हाच दांडा आहे. २८ आणि ५ यांची बेरीज करताना ‘हातचा एक’ म्हणजे एक दशक, हे ज्याने दांडा हातात घेतला आहे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. खेळताना मुलाच्या समोर न बसता शेजारी बसा, नाहीतर आपल्याला फलक उलटा दिसतो आणि एककाचा खण डावीकडे की उजवीकडे, यावरून गोंधळ होतो.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण लक्षात घ्यायला हवी. त्यांपैकी बहुतेक शाळेत इकाई, दहाई, सैकड़ा शिकतात आणि घरी एकक, दशक, शतक ऐकतात. याचे ओझे मानू नये. दोन्ही नावे एकाच खणावर बोट ठेवून उच्चारली की मुले ती सहज जोडतात. खरी अडचण संख्यांच्या नावांत आहे. ‘बाहत्तर’ म्हणताना दोन आधी ऐकू येतात आणि सत्तर नंतर, म्हणून ऐकून लिहिणारे मूल २७ लिहिते. ‘एकोणऐंशी’त तर ऐंशी ऐकू येते आणि लिहायचे असतात ७९. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी सुटी नावे दिली गेली, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. आमचे मत असे, की जुनी नावे सोडू नयेत, पण सुरुवातीला त्यांच्या जोडीने संख्या फोडून म्हणावी: सात दांडे आणि दोन सुटे मांडून ‘सात दशक दोन, बाहत्तर’.

शून्यासाठी संचात ठोकळा नाही आणि तो नसणेच योग्य आहे. ३०५ मांडताना शतकाच्या खणात तीन पाट येतात, एककाच्या खणात पाच ठोकळे येतात आणि मधला खण रिकामा राहतो. कागदावर तो रिकामा खण दाखवण्यासाठी ० लिहितात. अंकपत्त्यांचा उपयोग इथे सर्वांत जास्त होतो. मूल ‘तीनशे’ आणि ‘पाच’ असे ऐकून ३००५ लिहीत असेल, तर ३०० चा लांब पत्ता घेऊन त्याच्या उजव्या टोकावर ५ चा पत्ता ठेवायला सांगा. शेवटचे शून्य झाकले जाते, ३०५ दिसते आणि पत्ता उचलला की खालचे ३०० पुन्हा दिसतात.

या शून्याचा एक फार जुना पुरावा आपल्याच किल्ल्यावर आहे. खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरातील विक्रम संवत ९३३, म्हणजे इ. स. ८७६ च्या शिलालेखात, देवासाठी दिलेल्या बागेची लांबी २७० हात आणि रुंदी १८७ हात अशी नोंदली आहे आणि देवाला रोज द्यायच्या ५० माळांचा उल्लेख आहे. २७० आणि ५० यांतील शून्य तिथे लहान वर्तुळाने कोरलेले आहे. ते वर्तुळ नसते, तर बाग २७ हात झाली असती आणि माळा पाच. किल्ला चढताना मुलाला हे मंदिर अवश्य दाखवा आणि घरी आल्यावर बागेच्या लांबी-रुंदीच्या त्याच दोन संख्या फलकावर मांडा, कारण वजाबाकीसाठी याहून चांगले उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

बागेची लांबी रुंदीपेक्षा किती हात जास्त, हे काढायचे आहे. २ पाट आणि ७ दांडे मांडा. एककाचा खण रिकामा आहे. त्यातून ७ सुटे काढायचे आहेत, पण एकही नाही. म्हणून एक दशक सुटा करा, म्हणजे एक दांडा पेटीत ठेवून दहा सुटे ठोकळे घ्या. आता २ पाट, ६ दांडे आणि १० सुटे झाले. इथे थांबून ‘संख्या बदलली का?’ हा प्रश्न जरूर विचारा. ती अजून २७० च आहे, हे मुलाने मोजून सांगेपर्यंत पुढे जाऊ नका. सुट्यांतून ७ काढल्यावर ३ उरतात. ६ दांड्यांतून ८ जात नाहीत, म्हणून एक पाट देऊन दहा दांडे घ्या. १६ दांड्यांतून ८ गेले, ८ उरले. उरलेला एक पाट १८७ मधल्या शंभरासाठी गेला. उत्तर ८३ हात. वहीत वरचे अंक खोडून बारीक अक्षरांत ६ आणि १० लिहिण्याची जी रीत आहे, ती या अदलाबदलीची नोंद आहे. आधी ठोकळे, मग नोंद, हा क्रम कृपया उलटा करू नये.

देशाच्या निपुण भारत अभियानात पहिलीसाठी ९९ पर्यंत, दुसरीसाठी ९९९ पर्यंत आणि तिसरीसाठी ९,९९९ पर्यंत संख्या वाचता-लिहिता येणे अपेक्षित आहे. आमचा संचही त्याच टप्प्यांनी वापरावा. दोन हजारांच्या पुढे ठोकळे पुरत नाहीत. तेव्हा फलकाच्या डावीकडे कागदाचे खण जोडा आणि अंकपत्ते वापरा. इंग्रजी माध्यमातील मुलांना एक लाख १,००,००० असा आणि १००,००० असाही लिहिलेला दिसतो. आपल्याकडे उजवीकडून पहिल्या तीन अंकांनंतर दोन-दोन अंकांवर स्वल्पविराम येतो, आंतरराष्ट्रीय पद्धतीत दर तीन अंकांवर, मात्र प्रत्येक अंकाची स्थानिक किंमत दोन्हीकडे तीच राहते.

सुटे ठोकळे लहान आहेत, त्यामुळे तीन वर्षांखालील भावंडांच्या हाती ते देऊ नयेत. संच कोरड्या फडक्याने पुसावा. पाण्याने धुतल्यास लाकूड फुगते आणि दहा ठोकळे दांड्याशी जुळेनासे होतात. हरवलेले ठोकळे आणि पत्ते आमच्याकडे सुटेही मिळतात. येताना एक जुना दांडा सोबत आणावा, म्हणजे माप जुळवून देता येईल.