रक्त पोचलं तर हाड जुळतं

नागपुरातल्या कुठल्याही हाडांच्या ओपीडीत जा, मेडिकल असो, मेयो असो की धंतोलीतला एखादा खासगी दवाखाना, एक प्रश्न दिवसभर कानावर पडतो: "डॉक्टरसाहेब, प्लास्टर केव्हा निघन?" विचारणारा कधी दुचाकीवरून घसरलेला कॉलेजचा पोरगा असतो, कधी न्हाणीत पाय सरकलेल्या आजीचा मुलगा. उत्तर प्रत्येकाला वेगळं मिळतं. कोणाला सहा आठवडे, कोणाला चार महिने, तर कोणाला थेट "हे आपोआप जुळणार नाही, ऑपरेशन करावं लागेल." बाकावर बसलेल्यांना त्यात अन्याय वाटतो. एकाच दिवशी पडलेल्या दोघांपैकी एकाचं हाड लवकर जुळतं आणि दुसऱ्याचं रखडतं, असं का?

वय, मधुमेह, आहार, हाडाचे किती तुकडे झाले, अशी कारणं त्यामागे असतातच. पण माझ्या मते सर्वात कमी सांगितलं जाणारं आणि सर्वात महत्त्वाचं कारण आहे ते रक्ताचं. मोडलेल्या जागी रक्त किती आणि कुठून येतं, यावर हाडाचं पुढचं बरंच काही ठरतं.

हाड म्हटलं की शाळेच्या प्रयोगशाळेतला वाळका सांगाडा डोळ्यांपुढे येतो. जिवंत हाड तसं नसतं. त्याच्या आत रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, पोकळीतला मगज रक्तपेशी तयार करतो आणि वरून एक पातळ, अतिशय हळवं आवरण असतं. हाड मोडतं तेव्हा या वाहिन्याही तुटतात, फटीत रक्त साचून गोठतं. दुरुस्ती सुरू होते ती या गोठलेल्या रक्तापासूनच. त्यातून सुटणारी रसायनं पेशींना तिथे खेचून आणतात, नव्या केशवाहिन्या आत शिरतात आणि दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांमध्ये मऊ कूर्चा भरते. पुढच्या काही आठवड्यांत तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट साठून ती टणक होते. एक्स-रे बघून डॉक्टर "कॅलस आला" म्हणतात, तो हाच. नंतर कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं, शरीर त्या फुगवट्याला मूळ आकार देत राहतं. कातडी कापली तर व्रण राहतो. हाड मात्र नव्या हाडानेच भरून निघतं, आणि हे शरीरातल्या फार थोड्या अवयवांना साधतं.

मनगटाजवळचं हाड आतून स्पंजासारखं आणि रक्ताने भरलेलं असतं, म्हणून ते पाच-सहा आठवड्यांत धरतं. बरगड्या तर प्लास्टरशिवाय, श्वासागणिक हलत असतानाही जुळतात. नडगीचा खालचा तिसरा भाग याच्या उलट. समोरून तिथे नुसती कातडी, स्नायूंचं पांघरूण जवळजवळ नाही, त्यामुळे बाहेरून मिळणारं रक्तही तोकडं. मोटरसायकलच्या अपघातात नेमकी हीच जागा सापडते. रॉड टाकूनही ती चार-चार महिने का घेते, याचं उत्तर बऱ्याचदा इथेच असतं.

काही हाडांना रक्त उलट्या दिशेने मिळतं. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात, काजूएवढं एक हाड असतं, स्कॅफॉइड. त्याला रक्त शिरतं ते बोटांकडच्या टोकातून आणि तिथून मागे मनगटाकडे जातं. पेंचच्या कालव्यावर टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेत असलेल्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको. मध्ये कुठे कालवा फुटला की टेलचं शेत कोरडं. स्कॅफॉइड मधोमध, त्याच्या अरुंद भागात मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं आणि तो तुकडा मरू शकतो. त्यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत ही भेग अनेकदा दिसतच नाही. "मुका मार आहे, क्रेप बँडेज बांधा" असं ऐकून माणूस कामाला लागतो आणि वर्षभराने मनगट दुखतं म्हणून येतो. हात टेकून पडल्यावर अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी जो खड्डा पडतो तिथे दाबून दुखत असेल, तर पहिला एक्स-रे साफ असला तरी दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढायलाच हवा, किंवा एमआरआय.

खुब्याच्या सांध्यातही तेच, फक्त परिणाम फार मोठा. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोल डोकं असतं, त्याखाली अरुंद मान. प्रौढ माणसात डोक्याचं जवळजवळ सगळं रक्त या मानेला चिकटून वर जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून येतं. मान मोडून हाड सरकलं की त्या वाहिन्या फाटतात. तरुण माणसाला अशी मोड झाली तर हाड लवकरात लवकर जागेवर आणून स्क्रूने पक्कं करतात, डोकं वाचण्याची आशा असते म्हणून. सत्तरीच्या आजीत ती आशा फार कमी, म्हणून डॉक्टर डोकंच बदलायचा सल्ला देतात. आणि तिथून चार बोटं खाली मोडलं तर? तिथे रक्त मुबलक, हाड स्पंजासारखं. रॉड टाकून ते छान जुळतं. पडणं सारखंच, पण उपचार पूर्ण वेगळा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. "आता वय झालं, कशाला चिरफाड करता" म्हणून आजी-आजोबांना खाटेवर ठेवून देणारी घरं आजही आहेत. भावना प्रेमाची असते, परिणाम वाईट होतो. खुबा मोडलेलं म्हातारं माणूस पडून राहिलं की फुप्फुसात कफ साचून न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा होतात, पायात रक्ताच्या गाठी धरतात. प्रकृती साथ देत असेल तर एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून त्यांना उठवून बसवणं, हेच त्यांना वाचवणं असतं. पडल्यानंतर एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, असं असेल तर चोळत-शेकत बसू नका.

याच मांडीच्या डोक्याचं रक्त, न पडता, न मोडताही तुटू शकतं. दारू आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स ही त्याची जगभरातली कारणं. विदर्भात त्यांच्या जोडीला आणखी एक आहे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदला गेला आणि मध्य भारतातल्या लोकांमध्येही तो असल्याचं १९५८ साली प्रसिद्ध झालं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, बस, एवढाच फरक. पण प्राणवायू सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दांडे बनतात आणि तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची, ताठर होते. अशा पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. मांडीच्या डोक्याकडे जाणाऱ्या वाहिन्या तर आधीच मोजक्या. त्या तुंबल्या की आतलं हाड मरतं, हळूहळू चेपतं आणि गोल डोकं चपटं होतं. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडूनही हा दोष आलेल्या, अनेक रुग्णांचा खुबा तिशी-पस्तिशीच्या आतच असा खराब होतो.

हा आजार ओळखायला उशीर का होतो, हे समजून घेण्यासारखं आहे. खुब्याचं दुखणं खुब्यात जाणवेलच असं नाही. ते जांघेत जाणवतं, पुष्कळदा गुडघ्यात. मग गुडघ्याचा एक्स-रे निघतो, तो साफ असतो, आणि "काही नाही, अंग दुखून राह्यलं असंल" म्हणून पोरगं घरी जातं. सुरुवातीला खुब्याचा एक्स-रेही साफ दिसतो, दोष एमआरआयमध्येच कळतो. म्हणून तरुण मुलाला मांडी घालून बसता येईनासं झालं, चालताना लंगड येतेय, जांघ दुखतेय, तर सिकलसेलची आणि खुब्याची तपासणी दोन्ही मागून घ्यावी. डोकं चेपायच्या आधी सापडलं तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करता येते, आणि तिचा उपयोग त्याच टप्प्यात होतो. चेपल्यानंतर शेवटी सांधा बदलण्याचीच वेळ येते, तीही पंचविशी-तिशीत.

नागपूरचा उन्हाळा या रुग्णांची परीक्षा बघतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अंगातलं पाणी आटतं आणि पाणी आटलं की पेशी विळ्याचा आकार धरण्याचं प्रमाण वाढतं. पाण्याची बाटली सोबत ठेवणं हा त्यांच्यासाठी उपचाराचाच भाग. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत घ्यायची असते. नवरा-बायको दोघेही एएस, म्हणजे एकाच पालकाकडून दोष आलेले वाहक, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के. लग्नाआधीची एक रक्ततपासणी किती मोठं दुःख टाळू शकते, ते यावरून कळावं. नागपूरचे संपत रामटेके यांनी या रुग्णांसाठी आयुष्य वेचलं, २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. तरीही अनेक घरांत हा आजार अजून लपवला जातो, आणि त्याची किंमत पोरांचे खुबे मोजतात.

रक्त आपल्या हातानेही तोडलं जातं. खेड्यापाड्यांत हाड बसवणाऱ्यांकडे जाण्याची रीत जुनी आहे आणि त्यांच्यातल्या काहींच्या हातात खरंच कसब असतं. धोका बांबूच्या कामट्या आवळून बांधण्यात आहे. मोडलेला हात सुजतोच. बाहेरून घट्ट पट्टी आणि आतून सूज, यात सापडलेल्या स्नायूंना रक्त मिळेनासं होतं. साधारण सहा तासांत ते कायमचे मरू लागतात आणि पुढे बोटं आकसून वाकडी राहतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी १८८१ साली याचं वर्णन केलं, तरी कोपराजवळ हात मोडलेल्या लहान मुलांत हे आजही घडतं. दवाखान्यातल्या प्लास्टरखालीही घडू शकतं. गोळ्या घेऊनही न थांबणारं, वाढतच जाणारं दुखणं, आणि बोटं हलकेच सरळ केली तरी लेकराचं किंचाळणं, ही खूण. बोटं निळी पडायची किंवा नाडी बंद व्हायची वाट बघायची नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी पट्टी सोडवायला निघायचं.

आणि खर्रा, तो तंबाखू-सुपारीचा. आपल्याकडे प्लास्टर लावलेला माणूसही दवाखान्यातून निघाला की आधी पानठेला गाठतो. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड घडवणाऱ्या पेशींचं काम मंदावतं. धूम्रपान करणाऱ्यांची नडगी जुळायला जास्त वेळ लागतो, हे अनेकदा दिसून आलं आहे. खर्ऱ्यातलं निकोटिन धुरातून न जाता गालातून जातं, रक्तात मात्र पोचतंच. कॅल्शियमच्या महागड्या गोळ्या आणि दिवसाला पाच पुड्या एकाच वेळी चालू असतील, तर आधी पुड्या थांबवा.

स्नायूंना रक्त भरपूर, म्हणून लचक किंवा उसण भरली तर ती काही दिवस ते काही आठवड्यांत जाते. पाय मुरगळल्यावर ताणले जाणारे अस्थिबंध त्यापेक्षा सावकाश भरतात. लगेच जोरात चोळून घेतलं तर आतला रक्तस्राव वाढतो. पट्टी, पाय उंच, आणि दुखणं सोसवेल तसं हळूहळू चालणं, एवढं पुरतं. चार पावलं टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल तर एक्स-रे काढावा. पोटरीचा स्नायू टाचेला जोडणाऱ्या जाड दोरीला मध्येच एका पट्ट्यात रक्त कमी, आणि बहुतेकदा ती तिथेच तुटते.

गुडघ्यातली गादी फाटली तर बाहेरच्या कडेला रक्त असतं, तिथे टाका घातला तर धरतो. आतल्या भागात रक्तच नाही, तिथली फाट सहसा भरत नाही. सांध्यातल्या गुळगुळीत कूर्चेला तर एकही रक्तवाहिनी नाही. मग ती जगते कशावर? सांध्यातल्या द्रवावर. पाय टाकला की ती दबते, उचलला की फुलते, आणि या दबण्या-फुलण्यातून तिच्यात अन्न जातं. म्हणून "गुडघ्यातलं ग्रीस संपलं" असं कुणी सांगितलं म्हणून खुर्चीत बसून राहणं हा सर्वात वाईट उपाय. अंबाझरी किंवा सेमिनरी हिल्सला सकाळी ऊन चढायच्या आत चालावं, आणि घरी खुर्चीवर बसून एक-एक पाय सरळ करून पाच ते दहा सेकंद धरावा, असं दहा-पंधरा वेळा, म्हणजे मांडीचा स्नायू मजबूत होऊन गुडघ्यावरचा भार वाटून घेतो. सुरुवातीला थोडं दुखतं. दुसऱ्या दिवशी सूज आली तर प्रमाण निम्मं करायचं, बंद करायचं नाही. गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल तर मात्र व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवायचं.