वजन 'परत वाढलं' म्हणजे नेमकं किती?

सोलापुरात वजन उतरवायच्या ऑपरेशनचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. 'पहिल्या वर्षी काकू ओळखूच येत नव्हत्या.' आणि लगेच, 'आता बघा, परत तशाच.' हे दुसरं वाक्य या शस्त्रक्रियेइतकंच जुनं आहे.

सुरुवातीची दशकं भराभर उरकता येतात. 1950च्या दशकात लहान आतड्याचा मोठा भाग वगळून टाकत. वजन उतरायचं, पण जुलाब, मूतखडे आणि निकामी होणारं यकृत मागे लागायचं, म्हणून ती पद्धत सोडावी लागली. 1960च्या दशकात जठराचा बायपास आला, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडायची. 1980च्या सुमारास जठराला स्टेपल मारून वाटेवर पट्टी घालायला लागले, आणि वजन परतण्याचा खरा धडा तिथे मिळाला. कुठे स्टेपलची रांग उसवली, कुठे पेशंटनेच वाट काढली. आपल्याकडच्या ताटावरून सांगायचं तर कडक भाकरीचा तुकडा त्या पट्टीत अडकणार, पण शेवयांची खीर सुळकन खाली उतरणार. मग माणूस भाकरी सोडतो आणि खिरीवर येतो.

पुढे जठराभोवती बसवायचा, घट्ट-सैल करता येणारा बँड आला. अमेरिकेत त्याला 2001मध्ये मान्यता मिळाली आणि पुढच्या काळात असंख्य बँड काढावेही लागले. बँड निघाला की वजन माघारी.

स्वीडनमध्ये 1987पासून चाललेल्या अभ्यासात हा फरक स्वच्छ दिसतो. पहिल्या एक-दोन वर्षांत बायपासने मूळ वजनाच्या सरासरी 32 टक्के घट झाली, स्टेपल-पट्टीने 25 आणि बँडने 20. दहा वर्षांनी हेच आकडे 25, 16 आणि 14 होते. म्हणजे सरासरीने थोडंफार वजन तिन्ही गटांचं परतलं, बायपासवाल्यांचंसुद्धा.

आज सर्रास होणारी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून त्याची बारीक नळी ठेवणं, मुळात अर्धं ऑपरेशन होती. अतिलठ्ठ पेशंटला एका दमात मोठी शस्त्रक्रिया झेपणार नाही, म्हणून 2000च्या आसपास आधी जठराचा सुमारे पाऊण भाग काढायचा आणि आतड्याचं काम नंतर करायचं, असं ठरलं. काहींचं वजन पहिल्याच टप्प्यात इतकं उतरलं की दुसरा टप्पा राहूनच गेला, आणि पहिल्या टप्प्यालाच पूर्ण ऑपरेशनचा दर्जा मिळाला. भुकेचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या ज्या वरच्या भागात तयार होतं तोच भाग निघतो, त्यामुळे भूक मंदावते हे खरं. पण उरलेली नळी वर्षांमागून वर्षं सैलावू शकते. फिनलंडमध्ये दहा वर्षांनी तुलना केली तेव्हा जास्तीच्या वजनातलं, म्हणजे उंचीला योग्य वजनाच्या वर जेवढं होतं त्यातलं, स्लीव्हवाल्यांचं साधारण 44 टक्के उतरलेलं होतं, बायपासवाल्यांचं 51.

खरी गुंतागुंत या 'जास्तीच्या वजना'तच आहे. समजा, एका बाईंची उंची 160 सेंटीमीटर, ऑपरेशनच्या दिवशी वजन 110 किलो. दीड वर्षात त्या 72 वर आल्या आणि पाचव्या वर्षी 84 वर गेल्या. वाढ 12 किलोची. आता ही 'रिगेन', म्हणजे वजन परत वाढणं, आहे का?

सर्वांत कमी वजनापेक्षा 10 किलो वाढ झाली तर रिगेन, या नियमाने आहे. बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) 5 अंकांनी वाढायला हवा, या नियमाने नाही, कारण तो 4.7 नेच वाढला. जास्तीच्या वजनाच्या 25 टक्के परत यायला हवं, असा तिसरा नियम. इथे तर 'जास्तीचं' कुठून मोजायचं यावरच उत्तर फिरतं. बीएमआय 25 धरून जास्तीचं वजन 46 किलो होतं आणि 12 किलो म्हणजे 26 टक्के, म्हणजे रिगेन. आशियाई लोकांसाठीचा 23 धरला तर ते 51 किलो होतं आणि 12 किलो म्हणजे साडेतेवीस टक्के. रिगेन नाही! बाई त्याच, वजनकाटा तोच. जास्तीचं निम्मं वजन उतरलेलं राहिलं म्हणजे ऑपरेशन यशस्वी, हा जुना निकष लावला तर दोन्ही हिशेबांनी त्या पासच. एखाद्या ऑपरेशननंतर 'इतक्या टक्के लोकांचं वजन परत वाढतं' असं छापलेलं दिसलं की मी आधी व्याख्या शोधतो. बहुतेकदा ती दिलेलीच नसते.

2018मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत हे निकष शेजारी शेजारी ठेवून तपासले. जेवढं वजन उतरलं होतं त्यातलं किती टक्के परत आलं, हे माप मधुमेह, रक्तदाब वगैरे पुन्हा डोकं वर काढण्याशी सर्वांत चांगलं जुळलं. वरच्या उदाहरणात ते 38 पैकी 12, म्हणजे जवळपास 32 टक्के. अलीकडे 'फेल्युअर' हा शब्दही मागे पडतोय. लठ्ठपणा हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे असं मानून स्लीव्हचा बायपास करतात, किंवा 2025पासून भारतात वजनासाठी मिळू लागलेली इंजेक्शनं जोडीला देतात.

पण या मापाला सर्वांत कमी वजनाची नोंद लागते. सोलापूरहून पहाटे उठून हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला फॉलोअपला जाणं पहिलं वर्षभर नेटाने चालतं. मग अंग हलकं होतं, ब्लाउज नव्याने शिवले जातात, डॉक्टरकडे जायचं काही कारण उरत नाही. फाइल उघडावी तर ऑपरेशनच्या दिवसाचं वजन असतं आणि थेट परत वाढल्यानंतरचं. मधलं कुठेच नसतं.