क्लोरीनला दाद न देणारा जंतू आणि ओझोन

पावसाळा लागला की गावाकडं विहिरीत टीसीएल पावडर पडते, घरी हंड्यात मेडिक्लोरचे थेंब पडतात आणि आपण निर्धास्त होतो. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं, कॉलरा-टायफॉइडचे जंतू क्लोरीनपुढं टिकत नाहीत. पण १९९३ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात काय झालं बघा. लेक मिशिगनचं पाणी, गाळलेलं, क्लोरीन टाकलेलं, तेच नळाचं पाणी पिऊन अंदाजे ४ लाख लोक जुलाबानं आडवे झाले. ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच ढासळलेली होती, म्हणजे एड्सचे पेशंट वगैरे, त्यातले कित्येक गेलेच.

जंतू होता क्रिप्टोस्पोरिडियम. पाण्यात असतो तेव्हा तो टणक कवचात बंद असतो, आकार ४ ते ६ मायक्रॉन, आपला केससुद्धा त्याच्यापेक्षा दहा-पंधरा पट जाड. नेहमीच्या डोसच्या क्लोरीननं त्या कवचाला काहीच होत नाही, त्यामुळं सगळी भिस्त फिल्टरवर, आणि नेमका त्याच दिवसांत एका प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढलेला. नंतर शहरानं फिल्टर सुधारले, तळ्यातून पाणी ओढायचा पाइप आणखी आत नेला आणि १९९८ ला ओझोन चालू केला.

ओझोन म्हणजे ऑक्सिजनच, फक्त दोनऐवजी तीन अणूंचा. तो तिसरा अणू सुटायलाच बघत असतो आणि समोर जे येईल त्याला जाळत सुटतो, जंतूचं कवच असो की पाण्याला मातकट वास देणारं जिओस्मिन. झेरॉक्सच्या कोंदट दुकानात मशीन तासभर चाललं की नाकाला झोंबतो ना, तो वास याचाच. शोनबाइन नावाच्या शास्त्रज्ञानं १८४० मध्ये नावसुद्धा वासावरूनच दिलं, ग्रीकमधल्या 'वास येणे' या शब्दावरून.

हा गॅस टिकत नाही म्हणून सिलिंडर भरून आणता येत नाही, प्लांटवरच बनवावा लागतो. कोरड्या हवेतून किंवा ऑक्सिजनमधून हाय व्होल्टेज सोडायचं, तयार झालेला ओझोन खोल टाकीच्या तळातून बारीक बुडबुड्यांनी वर सोडायचा, बुडबुडा वर येईपर्यंत तो पाण्यात विरघळतो आणि काम करतो. पाणी थंड असेल तर क्रिप्टो मारायला जास्त वेळ लागतो. टाकी झाकलेली असते आणि उरलेला गॅस नष्ट करूनच बाहेर सोडतात कारण तो फुप्फुसाला फार वाईट. फ्रान्समधल्या नीस शहरात तर १९०६ पासून हे चालू आहे, म्हणजे टेक्निक काही नवीन नाही.

पाण्यात ब्रोमाइड हा क्षार असेल तर मात्र ओझोनमुळं त्याचं ब्रोमेट हे दुसरं रसायन तयार होतं, त्यानं कॅन्सरचा धोका असू शकतो म्हणून लिटरला १० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातलेली आहे.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे ओझोन काम करून निघून जातो, साध्या तापमानाच्या पाण्यात वीसेक मिनिटांत निम्मा होतो. प्लांटमधून निघालेलं पाणी पुढं कित्येक किलोमीटर पाइपमधून जाणार, तिथं त्याला राखायला कोणीच नाही. म्हणून मिलवॉकीतही शेवटी क्लोरीन आणि अमोनिया टाकतातच. आपल्याकडं तर दिवसाआड तासभर पाणी येतं, मधल्या वेळात पाइप रिकामा पडतो आणि फुटक्या जॉइंटमधून शेजारच्या गटारीचं पाणी आत ओढलं जातं. तिथं ओझोन कामाला येत नाही, तिथं नळाच्या टोकापर्यंत पोचलेला तो थोडासा क्लोरीनच लागतो.