ॲसाटीग बेटावरील रानघोडे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांत विभागलेल्या ॲसाटीग या सुमारे ६० किमी लांबीच्या चिंचोळ्या, वालुकामय बेटावर पिढ्यान्‌पिढ्या मोकळे राहणारे घोडे. मुळात ते माणसाळलेल्या घोड्यांचीच रानटी झालेली संतती आहेत. बुडालेल्या स्पॅनिश जहाजातून त्यांचे पूर्वज पोहत आले, ही लोकांची लाडकी दंतकथा. सतराव्या शतकात मुख्य भूमीवरच्या वसाहतवाल्यांनी कुंपणाचा खर्च आणि जनावरांवरचा कर चुकवण्यासाठी इथे चरायला सोडलेल्या घोड्यांपासून हा वंश वाढला, हे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे. मात्र हैतीतील सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश वसाहतीत सापडलेल्या घोड्याच्या दाताच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्या दाताचे सर्वांत जवळचे नाते इथल्याच घोड्यांशी निघाले. जहाजफुटी त्यातून सिद्ध होत नाही, पण स्पॅनिश रक्ताची गोष्ट आता उडवून लावता येत नाही.

हे घोडे बुटके, दणकट आणि पोट सुटल्यासारखे दिसतात. खाजणातले खारे गवत हा त्यांचा मुख्य आहार; त्यातल्या मिठामुळे ते इतर घोड्यांच्या जवळजवळ दुप्पट पाणी पितात आणि अंगाने फुगतात. एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे अशा लहान टोळ्यांनी ते हिंडतात. ऐन उन्हाळ्यात खाजणात डास आणि गोमाश्या जीव नकोसा करतात, तेव्हा टोळ्या वाऱ्यासाठी पुळणीवर येऊन लाटांच्या कडेला तासन्‌तास उभ्या राहतात. समुद्राकाठी घोडे पाहायचे तर हाच काळ. थंडीत ते खाडीच्या बाजूला, झाडांच्या आडोशाला जातात.

राज्यसीमेवरच्या कुंपणाने कळपाचे दोन भाग झाले आहेत आणि दोघांची व्यवस्था अगदी निराळी आहे. व्हर्जिनियातील घोडे शेजारच्या शिंकोटीग बेटावरील स्वयंसेवी अग्निशमन दलाच्या मालकीचे असून १५० प्रौढ घोड्यांची मर्यादा पाळून अभयारण्यात चरतात. जुलैच्या शेवटच्या बुधवारी, भरती-ओहोटीच्या मधल्या संथ पाण्यात, त्यांना खाडी पोहून शिंकोटीगला नेतात. दुसऱ्या दिवशी शिंगरांचा लिलाव होतो. १९२५ पासून दलाला यातून पैसा मिळतो. हा सोहळा पाहायला हजारो लोक लोटतात, पण घोड्यांचे खरे वागणे त्या गर्दीत कळत नाही.

मेरीलँडचा भाग १९६५ पासून राष्ट्रीय सागरकिनारा आहे. १९६२ च्या प्रचंड वादळाने बेटावरचे रस्ते आणि घरे उद्ध्वस्त केली नसती, तर इथे आज बंगल्यांची वसाहत असती. तिथला १९६८ मधला २८ घोड्यांचा कळप पुढे दीडशेच्या वर गेला आणि त्यांच्या चरण्याने वाळूच्या टेकड्या धरून ठेवणारे गवतच संपू लागले. म्हणून १९९४ पासून घोड्यांना हात न लावता, दुरून डार्ट मारून गर्भनिरोधक लस दिली जाऊ लागली. वेत कमी झाल्याने घोड्याही जास्त जगू लागल्या. कळप आवरण्याचा याहून सौम्य मार्ग क्वचितच कुठे वापरला गेला असेल.

घोड्यांपासून किमान १२ मीटर लांब राहणे बंधनकारक आहे. खाऊ घालणारे पर्यटक त्यांचे सर्वांत मोठे नुकसान करतात: खाण्याला सोकावलेला घोडा गाड्यांसाठी रस्त्यावर येतो, माणसांना चावतो, लाथा मारतो आणि गाडीखाली सापडून मरतोही.