श्रवण-आकलन, इंग्रजीचे (बेळगाव सीमाभाग)

बोललेले इंग्रजी ऐकताक्षणी त्याचा अर्थ लावण्याची क्षमता आणि ती वाढवण्याच्या पद्धती. प्रस्तुत नोंद बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील मराठीभाषक विद्यार्थ्यांपुरती आहे. ‘श्रवण’ हा शब्द मराठीत नवविधा भक्तीतील पहिली भक्ती म्हणून जुना आहे. अध्यापनशास्त्रात तो श्रवण, भाषण, वाचन, लेखन या चौकडीतून रुळला. ‘श्रवणकौशल्य’ ही संज्ञाही आढळते. मात्र कानावर पडणे वेगळे आणि उमगणे वेगळे; हा भेद ‘आकलन’ या शब्दात राखला जातो, म्हणून येथे तो स्वीकारला आहे.

१९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते. तेव्हाचे शालेय इंग्रजी व्याकरण आणि भाषांतर यांवर उभे होते, आणि कानाला त्यात फारसे काम नव्हते. बीबीसीचे रेडिओवरील इंग्रजीचे पाठ १९४३ मध्ये सुरू झाले. अध्यापनशास्त्रात श्रवणाचा स्वतंत्र विचार साधारणपणे १९७० नंतर बळावला.

अडचण बहुधा शब्दसंग्रहाची नसते. ‘नॉट ॲट ऑल’ हे तिन्ही शब्द ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला ‘नॉटॅटॉल’ ऐकू येते आणि तो थबकतो. मराठीत आघाताने, म्हणजे उच्चारताना एखाद्या अक्षरावर दिलेल्या जोराने, शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत आघात सरकला की स्वरही बदलतात: ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर, ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर, त्यामुळे दुसरा शब्द ‘फटॉग्रफर’सारखा ऐकू येतो. भाषांच्या लयीविषयी भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी १९४५ मध्ये मांडणी केली, तिच्यानुसार इंग्रजीत आघातांमधील काळ साधारण सारखा असतो, तर काही भाषांत अक्षरांमधील. यंत्राने मोजमाप केल्यावर हे समान अंतर आढळले नाही. रेबेका डॉवर यांनी १९८३ मध्ये लयीतील हा फरक अक्षररचना आणि स्वरांचे क्षीण होणे (आघात नसलेला स्वर आखूड व अस्पष्ट होणे) यांतून उद्भवतो असे सुचवले. वर्गात शिकवताना हेच मत अधिक उपयोगी पडते, कारण क्षीण स्वर दाखवता येतो. समान काळ दाखवता येत नाही. ॲन कटलर आणि डेव्हिड कार्टर यांच्या १९८७ मधील पाहणीनुसार संभाषणातील बहुतेक आशयवाचक (नाम, क्रियापद, विशेषण असे) इंग्रजी शब्द सबळ, म्हणजे स्वर क्षीण न झालेल्या, अक्षराने सुरू होतात. शब्द कोठे सुरू होतो हे ओळखण्याची खूण विद्यार्थ्याला येथे मिळते.

सीमाभागातील मुलाची जमेची बाजू मात्र दुर्लक्षित आहे. लेखणी या अर्थाचे ‘पेन’ आणि वेदना या अर्थाचे ‘पेन’ मराठीत एकाच रीतीने लिहिले जातात, आणि मराठी कानही त्यांत भेद करत नाही. कन्नडात ह्रस्व आणि दीर्घ एकार वेगळे आहेत: ह्रस्व ‘बेळे’ म्हणजे पीक, दीर्घ ‘बेळे’ म्हणजे डाळ. बाजारात, गल्लीत कन्नड बोलणाऱ्या मुलाला हा भेद आधीच येतो. ब्रिटिश उच्चारात दुसऱ्या ‘पेन’मधील स्वर संयुक्त असल्याने तुलना तंतोतंत जुळत नाही, तरी भारतीय इंग्रजीत तो बहुधा दीर्घ एकारच असतो. ‘बेळे’च्या जोडीपासून आरंभ करून ‘पेन’, ‘सेल’ (विकणे आणि विक्री) यांच्या जोड्यांकडे येणे सोपे जाते. मराठी वर्गात कन्नडचा असा आधार घेण्यात कमीपणा मानू नये.

सरावासाठी एक-दोन मिनिटांचा उतारा पुरतो. प्रथम केवळ आशय, मग तपशील, मग श्रुतलेखन, आणि शेवटी छापील मजकुराशी ताडून पाहणे, असा क्रम ठेवतात. वेग कृत्रिमपणे कमी करण्यापेक्षा वाक्यखंडांमध्ये विराम देणे बरे, कारण वेग घटला की जोडलेले उच्चार सुटे होतात आणि ओळखायची गोष्टच नाहीशी होते. बोलणाऱ्यापाठोपाठ पुटपुटत जाण्याची पद्धतही उपयुक्त आहे. मराठी उपशीर्षकांनी लक्ष वाचनाकडे वळते. इंग्रजी उपशीर्षके दुसऱ्या फेरीत दाखवावीत.

विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्रीय विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावात आहे. मराठी माध्यमातून अभियांत्रिकीकडे गेलेल्या विद्यार्थ्यासमोर पहिल्या वर्षी व्याख्यान असते ते कन्नड किंवा मराठी वळणाच्या इंग्रजीत. म्हणून सरावाची सुरुवात भारतीय उच्चारांच्या ध्वनिमुद्रणांनी करावी आणि ब्रिटिश, अमेरिकन उच्चार पुढे आणावेत.