ब्रेडा ३०: तेल लागायचं ते काडतुसांमुळे नव्हे

इटलीची काडतुसं निकृष्ट होती, म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रेडा ३० या तिच्या हलक्या मशीनगनमध्ये तेल घालावं लागे, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. दोष बंदुकीच्या रचनेत होता. गोळी सुटल्यावर उरलेलं रिकामं काडतूस बाहेर खेचण्याआधी जरासं सैल करायची सोयच तिच्यात नव्हती. ते एकदम हिसका देऊन खेचलं जाई. कोरडं असतं तर आतच अडकलं असतं. म्हणून आतला छोटा पंप प्रत्येक काडतुसावर तेल सोडायचा. लिबियाच्या वाळवंटात त्याच तेलाला वाळू चिकटे आणि ऐन लढाईत बंदूक अडे. त्यात २० गोळ्यांचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, उजव्या बाजूला बिजागरीवर कायमचं जोडलेलं. ते चेपलं की सगळंच ठप्प. नळी मात्र झटपट बदलता यायची, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं.